पांढऱ्या फुलांचा वाल

ताई, तुझ्या स्मरणिकेसाठी नितीनने माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. "मावशी, घरातल्या आठवणी लिहा ना, हलक्याफुलक्या," म्हणाला. हलक्याफुलक्या! तुझ्याबरोबर एका छताखाली वीस-बावीस वर्षं काढलेल्या बाईकडे हा हलकंफुलकं मागतोय. तुझा लाडका विद्यार्थी, तुझ्याच कॉलेजात तुझ्याच खुर्चीवर बसतो, आणि तुला एवढंही ओळखत नाही.

तुला जाऊन आज पंचवीस दिवस झाले. दिवसकार्य काही केलं नाही, तू तसं बजावूनच ठेवलं होतंस. शोकसभा मात्र तुला टाळता आली नाही. ज्या फोटोत तू फोटोग्राफरवर चिडलेली दिसतेस, नेमका तोच त्यांनी मोठा करून लावला होता. मी पहिल्या रांगेत बसले होते, धाकटी बहीण म्हणून. नितीन चांगलं बोलला. मग म्हणाला, "मॅडमनी एका जिवाणूवर अठरा वर्षं काम केलं. शेवटच्या चाचणीत तो शेतात टिकत नाही असं दिसलं, तेव्हा त्यांनी एका शब्दाने सबब सांगितली नाही. काम थांबवलं. एवढा प्रामाणिकपणा मी दुसरीकडे पाहिला नाही." हॉलभर माना डोलल्या. मीही डोलावली.

ताई, तुझा जिवाणू नापास झालाच नव्हता. बी मी बदललं होतं.

हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं मला. दोन वर्षं रोज सकाळी चहा ठेवताना ठरवायचे, आज सांगायचं. चहा गाळेपर्यंत अवसान जायचं. आता तू ऐकत नाहीस तेव्हा भराभर लिहितेय, हा माझा शूरपणा.

स्मरणिका वाचणाऱ्या निम्म्या लोकांना तुझं काम काय होतं ते माहीत नसेल. ते माझ्या भाषेत सांगते, टेलिफोनच्या ऑफिसात जन्म काढलेल्या बाईच्या. चुकलं तर दुरुस्त करायला तू नाहीस.

तू मला हे बिरडं सोलताना शिकवलंस. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सालं काढायची, हे आपलं रविवारचं काम. तू सोलायचीस कमी आणि बोलायचीस जास्त. "मंगे, वालाचं झाड उपटलंस तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. तो रोग नव्हे. त्यात जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं आणि ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात." मी म्हटलं, हे शाळेत पाठ केलं होतं. "पाठ केलंस, कळलं नाही तुला," तू म्हणालीस. असं काहीतरी म्हटल्याशिवाय तुझं वाक्य पुरं व्हायचं नाही.

मग खरी गोष्ट सांगितलीस. पाऊस संपून जमीन वाळायला लागली की झाडाच्या आधी या गाठीच मान टाकतात. काम बंद, नत्र बंद, पानं पिवळी. पण उत्तनजवळच्या डोंगरीला एका शेतात तू वेगळंच पाहिलंस. भात कापल्यावर पेरलेला वाल, वरून एक थेंब पाणी नाही, आणि तरी माघापर्यंत हिरवा. त्याच्या गाठी कापल्यास तर आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे काम चालू आहे. त्या गाठींतून तू तो जिवाणू वेगळा काढलास, काचेच्या नळीत वाढवलास आणि हात धुऊन त्याच्या मागे लागलीस. तो मुळांभोवती चिकट थर धरतो, त्या थरात ओल टिकते, हे तू दाखवलंस. शिवाय, झाडाला तहान लागली की ते आपल्याच पानांना गळून पडायचा निरोप धाडतं, आणि हा पठ्ठ्या त्या निरोपाचा कच्चा मालच खाऊन टाकतो. "म्हणजे झाड घाबरतच नाही?" मी विचारलं. "घाबरतं गं, पण उशिरा. तेवढ्यात शेंगा भरतात," तू म्हणालीस. त्या दिवशी माझ्या प्रश्नाला तू हसली नाहीस, हे मला अजून आठवतं.

ते शेत हिराबाईंचं. डोंगरीच्या हिराबाई, आता सत्तरीच्या असतील, अजून कंबर मोडून लावणी करतात. त्यांच्याकडची एक रीत तुला फार आवडायची. वालासाठी नवा तुकडा धरला, की जुन्या वालाच्या शेतातली दोन-चार टोपल्या माती उचलून नव्यात विस्कटायची, मगच पेरायचं. "सासू शिकवून गेली. विरजन हाय तो," असं त्या म्हणायच्या. दुधाला लावतात तसं मातीला विरजण. तू ते ऐकून रिक्षात बसल्यावरसुद्धा हसत होतीस, आनंदाने. इतकी वर्षं पुस्तकं शिकवली आणि पुस्तकातलं ही बाई टोपलीने करतेय, म्हणालीस.

मी म्हटलं, झालं की मग! त्या टोपलीने करतात तेच तू नळीने करतेस. माझ्या फ्रिजचा एक कप्पा कशाला अडवून ठेवलायस? त्यावर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी ताट पुढे ओढून म्हणालीस, "टोपलीत हजार जण असतात. त्यातल्या कुणी काम केलं ते टोपली सांगत नाही." मी म्हटलं, हिराबाईंना ते कुठे जाणून घ्यायचंय, त्यांना वाल हवाय. हा वाद आपण वर्षानुवर्षं घातला. बिरडं सोलताना, भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत. अजूनही मला वाटतं माझं बरोबर होतं. आता वाद घालायला कुणी नाही म्हणून तो मी जिंकले असं होत नाही, आणि त्याचाच संताप येतो.

तुझा राग मी जवळून पाहिलेला होता, हेही इथे लिहिलं पाहिजे. गच्चीवरच्या कुंड्या आठवतात? सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून तू गच्चीचा एक कोपरा मिळवला होतास. वालाच्या दोन रांगा, एकीला जिवाणू, एकीला नाही, आणि दोन्हींचं पाणी तोडलेलं. कोण किती दिवस तग धरतं ते बघायचं. तिसऱ्या आठवड्यात वर जाऊन बघतेस तर सगळ्या कुंड्या ओल्या, सगळी झाडं टवटवीत. आपल्या वॉचमनने, पांडेजींनी, बादलीने पाणी घातलेलं. "मॅडम, सूख रहे थे बेचारे. पुण्य का काम है," ते कौतुकाने सांगत होते. बाप रे, काय कडाडलीस! "पुण्य? मेरा तीन महीने का काम डुबा दिया तुमने!" पाचव्या मजल्यावरच्या बायका दारात आल्या. पांडेजी हात जोडून उभे आणि तू थांबायला तयार नाहीस. पुढे गणपती येऊन गेले तरी तू त्या माणसाकडे मान वर करून पाहिलं नाहीस. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, त्याने दया केली गं. तू म्हणालीस, "दया करायची तर आधी विचारायचं." तर तुझं काम बिघडवलं की काय होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता ते बी.

दोन वर्षांपूर्वीचा दिवाळीनंतरचा आठवडा. शेतावरची मोठी चाचणी, तुझ्या मते शेवटची. हिराबाईंनी टेकाडावरचा एक तुकडा दिला होता. तिथे कधीच वाल झालेला नव्हता, म्हणजे मातीत आधीचे जिवाणू असण्याची भीती नाही. अर्ध्या तुकड्यात जिवाणू लावलेलं बी, अर्ध्यात नुसतं. माझ्याकडे काम एकच होतं. डोंगरीला जाऊन हिराबाईंकडून त्यांचं घरचं बी आणायचं. तू दहादा सांगितलंस, "दुकानातलं नको. त्याला बुरशीचं औषध लावलेलं असतं. त्यावर माझा जिवाणू एक दिवस जगणार नाही."

मी भाईंदर वेस्टला गेले, उत्तनच्या बसच्या रांगेत उभी राहिले, बस आली नाही, ऊन चढलं, पाय दुखायला लागले. स्टेशनबाहेर बी-बियाण्यांचं एक दुकान आहे. तिथून वालाचं पाकीट घेतलं. दुकानदाराने स्वतःहून सांगितलं, "बेन, दवाई लगाया हुआ है, खाने में मत डालना." घरी येऊन मी ते बी तांदूळ धुतात तसं चार पाण्यांनी धुतलं. गुलाबी पाणी निघत राहिलं, चौथ्या पाण्याला स्वच्छ आलं. मला वाटलं, गेलं औषध. बाल्कनीत जुन्या साडीवर वाळवलं आणि हिराबाईंच्या बियाण्यासाठी म्हणून ठेवलेल्या पिशवीत भरलं. औषध बियांच्या आत मुरतं, चार पाण्यांनी जात नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी केलं असतं का नसतं, ते पुढे लिहिते.

तुझा मोतीबिंदू तेव्हा पिकलेला होता, ऑपरेशनची तारीख मिळायची होती. हातही कापत होते, म्हणून बी मीच कालवलं. गुळाचं पाणी, त्यात कोळशाच्या भुकटीत मुरवलेला तुझा जिवाणू. दुसऱ्या पातेल्यात तेच सगळं, पण कुकरमध्ये उकडून मेलेलं, म्हणजे दोन्ही बी दिसायला सारखं. सगळं काळंकुट्ट. काळं झाल्यावर कुणाचं बी कुठलं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तू एक दाणा चिमटीत धरून म्हणालीस, "यंदा टपोरं आहे गं हिराबाईंचं." मी म्हटलं, "पाऊस चांगला झाला ना." इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

पुढचं नितीनने सांगितलंच. दोन्ही तुकडे सारखेच उगवले, सारखेच पिवळे पडले, शेंगा धरायच्या आत सारखेच वाळले. तू तिथेच उकिडवी बसून चार झाडं उपटलीस. मुळं साफ कोरी, एक गाठ नाही. मी तुझ्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. मला वाटलं आता कडाडशील, बी कुठून आणलं म्हणून विचारशील. तू उठलीस, हात झटकलेस आणि म्हणालीस, "चल, बस मिळेल." एवढंच. घरी आल्यावर वही मिटलीस. दर दोन-तीन महिन्यांनी तू जिवाणू जुन्या नळीतून नव्या नळीत घ्यायचीस, तेही थांबवलंस. फ्रिजमधल्या नळ्या वाळत गेल्या. तळाशी पिवळट कातडीसारखं काहीतरी उरलं. माझा कप्पा मोकळा झाला, आणि मी त्यात काहीही ठेवू शकले नाही.

हायवेजवळच्या त्या हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी तू डोळे उघडलेस. खाली काशीमीऱ्याच्या ट्रकांचे हॉर्न वाजत होते. तू विचारलंस, "मंगे, काही सांगायचंय का तुला?" मी म्हटलं, "खिचडी आणलीय, गरम आहे." तू म्हणालीस, "बरं." मला वाटलं तुला माझी काळजी वाटतेय, माझ्या एकटीचं कसं होणार म्हणून विचारतेयस. तुझ्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तू गेल्यानंतर एका शेताच्या बांधावर कळला.

शोकसभेनंतर दोन रात्री मी नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगरी गाठली. म्हटलं, तुझ्याजवळ नाही तर नाही, निदान हिराबाईंजवळ कबूल करू. शेत त्यांचं होतं, मेहनत त्यांची वाया गेली होती. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्या टेकाडावरच होत्या. मी वर चढले आणि बघतच राहिले. त्याच तुकड्यात, जिथे आपला वाल जळून गेला होता, तिथे गुडघाभर हिरवा वाल. खाली जमिनीला भेगा, वर जांभळी फुलं आणि शेंगा. पाण्याची नळी नाही, घागर नाही.

"जुना शेत गेला ना, भराव टाकला त्याच्यात," हिराबाई म्हणाल्या. "गाड्या यायच्या आधी मी न माझ्या सुनेनी बारा टोपल्या माती वर आनली. वाया कशाला घालवाची?"

मी म्हटलं, "हिराबाई, मला एक सांगायचंय. त्या वर्षीचं बी तुमचं नव्हतं."

त्यांनी हातातला विळा खाली ठेवला नाही, बांधावरचं गवत कापतच राहिल्या. "ठाव हाय मना."

"काय ठाऊक आहे?"

"फुला पांढरी आली ना. माझा वाल जांभल्या फुलाचा हाय. पांढरा फूल बघितला न तवाच समजला, ह्यो बी दुकानाचा."

फुलं, ताई! मी सगळं काळं केलं, गुळात घोळलं, कोळशात लोळवलं, आणि फुलांचा विचार केला नाही. अगं, त्या पांढऱ्या फुलांचा फोटो मीच काढला होता. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'आमच्या ताईंचं संशोधन' म्हणून. एकवीस जणांनी नमस्काराचे हात पाठवले. शेतात महिनाभर माझा गुन्हा डोलत उभा होता, आणि मी त्याच्यापुढे उभी राहून सेल्फी घेत होते.

मी विचारलं, "आणि ताई?"

"तिला न्हाय समजनार?" हिराबाईंना माझ्या प्रश्नाचं आश्चर्यच वाटलं. "डोल्याचा आपरेशन झाला आनि एकटीच आली बघाया. बांधाजवल दोन झाडांना फुला व्हती अजून. उभी राह्यली, लय टाइम उभी राह्यली. मी बोलली, ताय, परत पेरू, बी मी देते. तर बोलली, परत पेराचा तर पहिला का मेला ता लिवाया लागंल. ता मी न्हाय लिवनार."

म्हणजे तुला ठाऊक होतं. डोळे साफ झाल्यावर तू पहिली गोष्ट नीट पाहिलीस ती माझी लबाडी. त्यानंतर दोन वर्षं तू माझ्या हातचा चहा प्यायलीस, माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्यास, माझ्याशी मालिकांवरून भांडलीस, आणि तोंडातून अक्षर काढलं नाहीस. खोटं लिहायचं नाही ही तुझी जुनी खोड. खरं लिहायचं तर बहिणीचं नाव येणार. म्हणून लिहिणंच बंद. अठरा वर्षांचं काम तू माझ्यावर ओवाळून टाकलंस आणि मला ते कळूही दिलं नाहीस.

कुणी सांगितला होता तुला हा मोठेपणा? पांडेजींनी दोन बादल्या पाणी घातलं तर पाच मजले ऐकतील एवढी ओरडलीस. त्या परक्या माणसाला तुझा राग मिळाला, मला का नाही मिळाला? तू ओरडली असतीस तर मी रडले असते, पाय धरले असते, दुसऱ्या दिवशी डोंगरीला चालत गेले असते बी आणायला. पुढच्या कार्तिकात तुझा वाल उभा राहिला असता. तू वाट बघत बसलीस मी कबूल करते का, आणि मी वाट बघत बसले तू विचारतेस का. पूनम सागर सोसायटीतल्या आपल्या दोन खोल्यांत दोन म्हाताऱ्या एकमेकींसमोर बसून बिरडं सोलत होत्या, आणि फ्रिजमध्ये नळ्या वाळत होत्या.

कधी वाटतं, हा मोठेपणा नव्हताच. बी आपण स्वतः तपासलं नाही, धाकट्या बहिणीने आपल्याला फसवलं, हे तुला चारचौघांत कबूल करायचं नसेल. तसं असेल तर बरंच आहे, मला थोडं कमी जड जाईल. पण तसं नाही, हे मला ठाऊक आहे. तू हिराबाईंना माझी शपथ घातली होतीस म्हणे, मंगलला कळता कामा नये.

मी बांधावर बसूनच नितीनला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मी उद्या येतो." आला, नमुने गोळा करायची पेटी घेऊन. हिराबाईंच्या वालाची तीन झाडं मातीसकट उचलली, मुळं धुतली. गाठी लगडलेल्या होत्या. ब्लेडने एक कापली, मला दाखवली. गुलाबी. भेगाळलेल्या जमिनीत, पाण्याविना, आतून गुलाबी. नितीनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "हा ताईचाच का रे?" त्याने खोटं सांगितलं नाही. तुझाच शिष्य. "टोपलीत हजार जण असतात मावशी. तपासावं लागेल. जमेल कदाचित, कदाचित नाही." हे तुझंच वाक्य त्याच्या तोंडून आलं आणि मी त्या उन्हात भोकाड पसरलं. हिराबाई पाणी घेऊन आल्या.

काल नितीनने स्मरणिकेतला त्याचा लेख दुरुस्त करून आणला, मला वाचून दाखवायला. हॉलमध्ये तुझ्या खुर्चीवर बसला. आता त्यात असं आहे, की शेवटची चाचणी ग्राह्य धरता येत नाही, कारण त्यासाठी औषध लावलेलं बियाणं अनवधानाने वापरलं गेलं.

मी म्हटलं, "कुणी वापरलं?"

"मावशी, त्याची काय गरज आहे?"

"गरज आहे. माझं नाव घाल. आणि ते अनवधानाने काढ."

"मग काय लिहू? बस आली नाही म्हणून?"

बस आली होती, ताई. दोन आल्या. पहिली समोरून गेली, दुसरीच्या पायरीवर मी पाय ठेवला आणि काढून घेतला. कारण आदल्याच दिवशी नितीन फराळाला आला होता, बरोबर बाहेरगावचे दोन प्राध्यापक होते, मी चकल्या घेऊन बाहेर आले, आणि तू माझी ओळख करून दिलीस: "ही माझी धाकटी बहीण. हिला यातलं ओ की ठो कळत नाही, पण ओझं छान उचलते." सगळे हसले. मीही हसले, चकल्या वाढल्या. तू पुढच्या विषयाला लागलीस. तुझ्या ते लक्षातही राहिलं नसेल. माझ्या मात्र बसच्या पायरीपर्यंत लक्षात होतं. मला वाटलं, यातलं काही कळत नाही ना मला? मग कुठलंही बी चालेल. आणि ते बी धुताना, पाणी गुलाबी होत होतं तेव्हा, मला बरं वाटत होतं. हे मी जिवंतपणी कुणाला सांगेन असं वाटलं नव्हतं.

नितीनला हे सगळं सांगितलं. तो मान खाली घालून बसला होता, कारण त्या दिवशी तोही हसला होता. मग म्हणाला, "मावशी, शास्त्राच्या लेखात असं लिहीत नाहीत. फार तर मी 'बियाणं बदललं गेलं' एवढं म्हणेन."

म्हटलं, ठीक आहे, तुझ्या लेखात तुझ्या शिस्तीने लिही. माझी दोन पानं माझी आहेत, त्यातला एक शब्द कापायचा नाही.

बी मी बदललं, ताई. चुकून नाही, कंटाळून नाही. तुझ्यावरच्या रागाने बदललं.